दिव्याचं आधी, गाडीचं शेवटी

दिग्रसहून यवतमाळला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत बाईला डावीकडची खिडकी लागते. हौस म्हणून नाही. तिच्या डाव्या हाताची नस डॉक्टरांनी जोडून ठेवली आहे, डायलिसिसची सुई तिथेच टोचतात, आणि त्या हाताला कुणाचा धक्का लागू द्यायचा नाही. म्हणून तिचा तो हात खिडकीकडे आणि अलीकडे मी. बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आमच्या घरात मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही ही गाडी धरतो. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाडीत पाय ठेवायला जागा नसते, असं मी कुरकुरते, आणि स्वतः अर्ध्या तिकिटावरच बसलेली असते.

गावाबाहेर पडलं की मी फोन काढते. हेडफोन एकच आहे. त्याचं एक बोंड तिच्या कानात, एक माझ्या. मग आमच्या पिक्चरची गाणी लागतात.

पिक्चरचं नाव सांगत नाही. सांगितलं की लोक लगेच आपापल्या आठवणी काढून बसतात, आणि दुसऱ्याच्या आठवणी ऐकायची ताकद माझ्यात आता उरलेली नाही. हिंदी होता, गाण्यांचा होता, एवढं पुरे. आमच्या लहानपणीच तो जुना झाला होता, तरी लग्नाच्या मांडवात भोंगा लागला की त्यातलं एखादं गाणं हमखास वाजायचं. एका बाजूला अक्षता, दुसऱ्या बाजूला त्यातलं रुसव्याचं गाणं, आणि नवरी बिचारी खाली मान घालून ऐकते आहे, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे.

रुसव्याचं हे नाव आमचं. गाण्यांचे मुखडे हिंदीत होते आणि आम्हाला तेव्हा अर्धेच कळायचे. म्हणून प्रत्येक गाण्याला आम्ही घरगुती नाव ठेवलं होतं. झोपाळ्याचं, बाजाराचं, रुसव्याचं, पुराचं, निरोपाचं, दिव्याचं आणि गाडीचं. बाईचं आवडतं बाजाराचं. त्यात एक जाडजूड आवाजाचा माणूस बांगड्या विकतो आणि बायका त्याच्याशी भाव करतात. बाई तो माणूसही व्हायची आणि त्या बायकाही व्हायची. आजही गाडीत ते लागलं की तिचे ओठ हलतात, आणि बांगडीवाला भाव उतरवतो तिथे ती माझ्या मांडीवर हलकी चापट मारते. सुजलेल्या बोटांची चापट असते, लागत नाही.

माझं आवडतं गाडीचं. सुरुवातीला एक बासरी लांबून शिटी दिल्यासारखी वाजते, मग ठेका सुरू होतो, मग गाणारा गायला लागतो, आणि गायला लागण्याआधी त्याने घेतलेला श्वास ऐकू येतो. त्या श्वासासाठी मी ते गाणं ऐकते. पुढचं गाणं नुसतं चांगलं आहे.

ही गाणी आमच्या घरी आणली बाबांनी. बाबा वणीजवळ राजूरला कोळशाच्या खाणीवर होते. आम्ही दिग्रसला, ते तिकडे, सणासुदीला घरी. एका दिवाळीला ते टेपरेकॉर्डर घेऊन आले आणि सोबत एकच कॅसेट. ती दुकानातून भरून आणलेली होती. तेव्हा कोऱ्या कॅसेटवर हवी ती गाणी भरून देणारी दुकानं असायची. भरणारा माणूस गाणी पिक्चरच्या हिशोबाने भरत नसे, टेप किती उरली त्या हिशोबाने भरत असे. मोठं गाणं मावलं नाही तर ते पलटून दुसऱ्या बाजूला, छोटं मावतं तर ते इकडे. आमच्या कॅसेटीत झोपाळ्याचं सगळ्यात आधी होतं, दिव्याचं शेवटून दुसरं, आणि एकदम शेवटी गाडीचं.

आम्हाला काय माहीत? आम्हाला वाटलं, पिक्चर असाच चालतो.

पिक्चर काही आम्ही पाहिला नव्हता. आईच्या मते टॉकीजमध्ये पोरींनी जाण्यासारखं काही नव्हतं. एकदा शेजारी टीव्हीवर तो लागणार म्हणून आम्ही दोघी दुपारपासून पुढची जागा धरून बसलो. नावं सुरू झाली आणि लाईट गेली. आली तेव्हा बातम्या चालू होत्या. बाईने घरी येऊन टेप लावला आणि म्हणाली, आपणच पाहू. तिथून आमचा पिक्चर सुरू झाला. बाई सांगायची आणि मी पाहायची. झोपाळ्यावरची पोरगी, तिला बाजारात दिसलेला नावाडी, मग रुसवा, मग लग्न झालं असावं असं आम्ही धरून चाललो, मग नदीला पूर, मग तो कामाला दूर निघतो ते निरोपाचं गाणं. मग ती एकटी दारात दिवा घेऊन बसते ते दिव्याचं. हे सगळ्यात सावकाश गाणं होतं. नुसता तिचा आवाज आणि मागे कुठेतरी पेटी. मला ते आवडायचं नाही, झोप यायची. पण ते संपलं की खर्र आवाज व्हायचा, आणि बासरीची शिटी, आणि गाडीचं. तो आला. बाई उठून दार उघडायची नक्कल करायची. दरवेळी मला माहीत असायचं की तो येणार आहे, आणि दरवेळी मला आनंद व्हायचा.

त्या कॅसेटीची टेप एकदा अडकली. बाबा घरीच होते. त्यांनी तुराटीची काडी घालून ती गुंडाळली, तुटलेला तुकडा कापला आणि चिकटपट्टी लावून जोडली. निरोपाच्या गाण्यातला एक शब्द त्यात गेला. आजही आम्ही दोघी ते गाणं म्हणताना तो शब्द गाळूनच म्हणतो. फोनवर तो शब्द येतो तेव्हा मला कुणी तरी मधे बोलल्यासारखं वाटतं.

पुढच्या वर्षी पोळ्याला बाबा यायचे होते. आईने पुरण शिजत घातलं होतं. बाबा आले नाहीत, निरोप आला. छातीत दुखलं म्हणून राजूरच्याच दवाखान्यात नेलं होतं, तिथे संपले. मी दहा वर्षांची होते. तेव्हा मी रडले की नाही ते मला आठवत नाही. पण नंतरची पुष्कळ वर्षं मी ती कॅसेट रोज लावत होते, आणि गाडीचं गाणं लागलं की दाराशी जाऊन बसत होते, हे आठवतं. आईने कधी बंद कर म्हटलं नाही. मला कळत नव्हतं असं नाही. बाबा येणार नाहीत हे मला चांगलं कळत होतं. पण आमच्या पिक्चरात तो येत होता ना. तेवढं एक कुठेतरी घडत होतं, आणि माझं त्यावर भागत होतं.

बाईचं लग्न झालं, ती पुसदला गेली. मी शिवण शिकले, लग्न केलं नाही, त्याची कारणं आता माझ्याही नीट लक्षात नाहीत. आई होती तोवर आईचं केलं. मशीनवर बसून मी गावातल्या किती बायकांचे ब्लाउज शिवले असतील, पण मशीन चालवताना कायम हीच गाणी लावली. कॅसेट गेली, टेपरेकॉर्डर गेला, मग भाच्याने फोन दिला. बाईचा मुलगा तो, पुण्याकडे कंपनीत आहे. फोनवर पिक्चरचं नाव टाकलं की सगळी गाणी ओळीने निघाली. पण ओळ वेगळीच होती. पहिलंच गाणं गाडीचं आणि शेवटचं दिव्याचं. मी म्हटलं, या फोनवाल्यांना काही समजत नाही. बाईला दाखवलं. तिने फोन हातात घेतला, थोडा वेळ पाहिला आणि म्हणाली, "हव, उलटं टाकलं हाय. तू आपल्या कॅसेटीसारखं लावून घे." भाच्याने तसं लावून दिलं. विषय संपला.

मग बाईचा नवरा गेला, आणि पाठोपाठ तिच्या किडन्या. साखर होतीच, तिने लक्ष दिलं नव्हतं. मुलगा म्हणाला पुण्याला चल. ती म्हणाली, तुमच्या तिथे खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. ती माझ्याकडे आली. नस जोडायचं यवतमाळला झालं, तिथल्या बायका-माणसांची ओळख झाली, म्हणून आठवड्याच्या दोन्ही खेपा यवतमाळच्याच.

लोकांना वाटतं, डायलिसिस म्हणजे दवाखाना. दवाखाना त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. पहाटे उठून डबा करायचा, त्यात मीठ जवळजवळ नाही. पाणी मोजून प्यायचं, म्हणून मीही तिच्यासमोर पीत नाही, मोरीत जाऊन पिते. स्टँडवर गाडीची वाट पाहायची. गाडी आली की जागा धरायची, आणि माझ्या वयाच्या बाईने पदर खोचून गर्दीत घुसणं कसं दिसतं याचा विचार सोडून द्यायचा. तिकडे चार तास ती मशीनला जोडलेली, मी स्टुलावर. परत येताना ती अर्धमेली असते, कधी उलटी करते. घरी आलं की दारात कुणीतरी उभी असते, माझा ब्लाउज झाला का म्हणून. एकदा लग्नसराईत एका नवरीच्या मावशीचा ब्लाउज मी उलट्या अस्तराने शिवून दिला. ती काय बोलली ते ऐकूनसुद्धा मला काही वाटलं नाही. इतकं थकायला झालं होतं.

आणि मी नुसती सोबत. मशीनवर तर ती होती.

गेल्या दिवाळीच्या आधी, परतीच्या गाडीत, बाजाराचं गाणं चालू असताना तिने कानातलं बोंड काढून माझ्या हातात दिलं.

"आता पुरे झालं वं," ती म्हणाली. "दिवाळीपासून मी नाही येत."

"कुठं नाही येत?"

"यवतमाळले. काय फायदा हाय? ते धुते, अन् दोन दिवसात पुन्हा तेच. तूही वाळून चालली. आरशात पाह्य एखाद्या दिवशी."

"मले काही नाही झालं."

"हव, दिसून राह्यलं."

मी डॉक्टरांना आधीच विचारलं होतं. कुणी मशीन सोडली तर काय होतं म्हणून. त्यांनी सरळ सांगितलं होतं, फार दिवस नाही. म्हणून मला तिचं बोलणं नीट कळलं. ती चिडून किंवा रडून बोलली असती तर मी भांडले असते. पण ती भाजीवालीला उद्या मेथी नको म्हणावं तसं म्हणाली. मी ते बोंड हातात धरून बसले. गाडीत कुणाच्या तरी फोनवर मोठ्या आवाजात कसलं तरी विनोदी चालू होतं, आणि लोक हसत होते.

मला घाबरायला झालं. हे मी इतक्या उघडपणे कुणाला सांगितलेलं नाही. मला तिच्या मरणाची भीती वाटली त्यापेक्षा जास्त भीती नंतरच्या मंगळवाराची वाटली. त्या मंगळवारी मी काय करायचं?

रात्रभर विचार करून मी एक लबाडी काढली. पिक्चर फोनवर आहे हे मला ठाऊक होतं. इतकी वर्षं असूनही मी तो पाहिला नव्हता. बाई कधी नको म्हणायची, कधी म्हणायची, आपला पिक्चर आपल्यापाशी आहे, कायले पाहायचा. आणि मलाही घाई नव्हती. आता मी तिला म्हटलं, "बाई, सोडायचं तर सोड. पण पिक्चर पाहून सोड. इतक्या वर्षांचा राह्यला हाय."

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "आज काहून आठवलं तुले?"

"असंच."

"घरीच पाहू मंग."

"घरी मले मशीन सोडून बसता येत नाही. तिकडे बसूनच राह्यतो आपण. तिकडे पाहू."

शुक्रवारी तिने चप्पल घातली.

मी तिला तो पिक्चर अगदी थोडा थोडा दाखवायचं ठरवलं. एका खेपेला एक गाणं आणि त्याच्या आजूबाजूचं, बस. ऐन गोष्टीत आलं की फोन बंद. चार्जिंग संपलं, नेट गेलं, डोळे दुखले, काहीही सांगायचं. पुढे काय होतं म्हणून ती पुढच्या खेपेला येईल. लहान पोराला घास भरवताना चिमणी दाखवतात, तसलाच प्रकार. साठीला टेकलेल्या बाईपुढे तो चालेल असं मला वाटलं, यावरून माझी अवस्था समजावी.

दवाखान्यातल्या पलंगावर जेवायचा लोखंडी स्टँड असतो. त्यावर मी आमचा डबा ठेवला आणि डब्याला टेकून फोन उभा केला. एक बोंड तिच्या कानात, एक माझ्या. नावं संपली, आणि सगळ्यात आधी बासरीची शिटी वाजली. गाडीचं गाणं. मी चमकले. आगगाडी येते, तो दारात लोंबकळत गातो, स्टेशनावर उतरतो. तरुण, दात दिसेस्तोवर हसणारा. तो आत्ताच गावात येतो आहे, पहिल्यांदा.

"हे सुरुवातीलेच कसं?" मी म्हटलं.

"असते कधी कधी," बाई म्हणाली. "शेवटी पुन्हा लावत असतीन."

मला ते पटलं. पिक्चरात असं करतात. सुरुवातीचं गाणं शेवटी फिरून येतं. मी निश्चिंत झाले आणि फोन बंद केला. म्हटलं, पुढचं मंगळवारी.

मंगळवारी ती आली. शुक्रवारी आली. बाजाराचं गाणं लागलं तेव्हा बांगडीवाला पाहून आम्ही दोघी फसल्यासारख्या झालो. इतका दणकट आवाज आणि माणूस काडीसारखा बारीक, आवाज दुसऱ्याच कुणाचा. बाई इतकी हसली की मशीन टीटी करायला लागली आणि नर्स धावत आली. तिने बाईला दम दिला. बाई म्हणाली, "माय, मले कायले बोलते, त्या बांगडीवाल्याले बोल." शेजारच्या पलंगावरचे लोहारा गावचे एक काका, तेही तिकडूनच मान वळवून पाहायला लागले. मग मी एक बोंड त्यांना दिलं असं मात्र नाही. ते आमचं होतं.

दिवाळी आली आणि गेली. मी फराळाचं काही केलं नाही, नुसते चिवड्याचे पोहे आणले आणि ते तसेच राहिले. बाईने सोडण्याचा विषय काढला नाही. मला वाटलं, माझी लबाडी लागू पडली. मी मनातल्या मनात हिशोब करायची, अजून इतकी गाणी आहेत, रडारडीचे सीन आहेत, लांबवता येईल. झोपाळ्याच्या गाण्याला मी दोन खेपा लावल्या. एकदा नेट खरंच गेलं, तेव्हा मला बरं वाटलं.

पण पिक्चर कितीही लांबवला तरी संपतोच. निरोपाचं झालं. गेलेला शब्द ऐकून आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मग पुराचं गाणं, ढोल, नदी, नावा, पुष्कळ माणसं, आणि त्यात तो. त्या शुक्रवारी बाईला बरं नव्हतं. ताप होता, तोंड सुजलं होतं. मी म्हटलं, आज राहू दे, मंगळवारी पाहू. ती म्हणाली, "नाही. आज पुरा कर."

पूर ओसरला. किनाऱ्यावर माणसं जमली. आणि पेटी वाजायला लागली, दिव्याचं गाणं सुरू झालं. ती दारात दिवा घेऊन बसली. मी पडद्याच्या खालची रेघ पाहिली. रेघ जवळजवळ संपत आली होती. आता दिव्याचं झालं की गाडीचं पुन्हा यायला पाहिजे, पण तेवढी जागाच उरली नव्हती. कॅमेरा हळूहळू नदीकडे वळायला लागला, वाळूवर काहीतरी पडलेलं होतं, आणि तेवढ्यात बाईने तिचा मोकळा उजवा हात उचलला आणि फोनवर ठेवला. नेमका तिथे. पूर्ण पडदा झाकला गेला. गाणं चालूच होतं.

"हे नको पाहू," ती म्हणाली.

मी तिच्या हाताकडे पाहत राहिले. मग विचारलं, "तुले काय माहीत, इथं काय हाय?"

गाणं संपलं. मग तिने हात काढला. पडद्यावर नुसतीच इंग्रजी नावं वर सरकत होती.

"पाह्यला होता मी," ती म्हणाली. "लग्नाच्याच वर्षी. पुसदले लागलता दुपारच्या खेळाले. हे घेऊन गेलते." हे म्हणजे माझे भाऊजी.

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"काय सांगत होती? तवा तू ते शेवटचं गाणं लावून दारात बसत होती. माय सांगे मले, तू अजून बसते म्हणून. मी दिवाळीले आली तर तू बसलेली. मी तुले काय सांगू, तो येतच नाही म्हणून?"

मला राग आला. खूप राग आला. इतकी वर्षं मी एका न झालेल्या गोष्टीवर जगले आणि हिला माहीत होतं. त्या फोनवाल्यांना नावं ठेवताना हिला माहीत होतं. लगेच दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि तो राग कुठे ठेवावा हे मला कळेना.

"मंग हे इतके दिवस? तुकडे तुकडे पाहत होती ते? तुले तर सगळं माहीत होतं."

"तू दाखवत होती," ती म्हणाली. "तुले वाटे, मी पिक्चरसाठी येऊन राह्यली. म्हटलं, वाटू दे. तुह्यं बरं चाललं होतं." आणि डोळे मिटून म्हणाली, "मले तर बांगडीवाला एवढा बारीक हाय हेही माहीत होतं. पण तुह्यं तोंड पाहून हसू आलं."

परतीच्या गाडीत मी तिच्याशी बोलले नाही. हेडफोन पिशवीतच राहिला. दारव्ह्याजवळ जुन्या छोट्या लाइनीचे रूळ रस्त्याला आडवे येतात. एकदा बाबांसोबत आम्ही त्या गाडीने बसून आलो होतो, इतकी हळू की माणूस उतरून बोरं तोडून पुन्हा चढू शकेल. ती गाडी बंद होऊन कित्येक वर्षं झाली. त्या रुळांवरून एसटी धक्के खात गेली तेव्हा बाईचं डोकं माझ्या खांद्यावर आदळलं, आणि ती तशीच झोपली. मी तिला तसंच राहू दिलं. बोलत नव्हते तरी.

शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी मी ब्लाउज शिवले, हुक लावले, गिऱ्हाईकांशी नीट बोलले. पिक्चर संपला होता. माझ्याजवळ आता तिला दाखवायला काही नव्हतं, आणि असतं तरी उपयोग नव्हता. उद्या येतेस का, हे मी विचारलं नाही. तिने उत्तर दिलं असतं तर? रात्री कणीक भिजवून ठेवली, एवढंच केलं.

मंगळवारी मला जाग आली तर ती खाटेवर साडी नेसून बसलेली. पिशवी मांडीवर. फोन तिच्याच हातात, आणि ती बोटाने काहीतरी शोधत होती. तिला ते जमत नव्हतं.

"चाल," ती म्हणाली. "गाडी चुकते. अन् आज दिव्याचं आधी लाव. गाडीचं शेवटी. आपल्या कॅसेटीसारखं."

"गाणं?"

"गाणं तर रोजच ऐकतो. पिक्चर."

गाडीत आम्हाला डावीकडची खिडकी मिळाली नाही. एक मुलगा उठला तेव्हा पुढे कुठे तरी मिळाली. दवाखान्यात तीच पलंगाची बाजू, तोच स्टँड, तोच डबा. सुई टोचताना बाई दुसरीकडे पाहते, तसं पाहिलं. मग मी फोन उभा केला आणि बोटाने रेघ पुढे सरकवून दिव्याच्या गाण्यावर आणली. ती दारात बसली. पेटी वाजली. नदी यायच्या आत, वाळू यायच्या आत, मी रेघ मागे नेली, अगदी सुरुवातीला, नावं संपतात तिथे. दोन्हींच्या मधे थोडी शांतता पडली, आमच्या टेपची खर्र यायची तेवढीच.

बासरीची शिटी झाली. मी बाईकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोपली. चादर तिच्या खांद्यावर ओढली आणि एकटीच पाहत बसले. त्याने श्वास घेतला आणि गायला लागला. गाडी स्टेशनात शिरली, तो उडी मारून उतरला, इकडेतिकडे पाहून हसला.

बाईने डोळे न उघडता विचारलं, "आला का वं?"

"हव," मी म्हटलं. "आला."